पिशवी गेली, धूळ कुठे गेली?

घरात एखादी वस्तू आणायची की नाही हे ठरवणारा माणूस आणि ती वस्तू रोज हाताळणारा माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा एकच नसतो. मिक्सर, वॉशिंग मशीन, कूलर, सगळ्यांच्या बाबतीत हेच झाले. आता पाळी व्हॅक्यूम क्लीनरची आली आहे. गेल्या काही वर्षांत मेहरूणमधल्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हे यंत्र दिसू लागले. कुणी पगारवाढीनंतर घेतले, कुणाला आखाती देशातून आलेल्या भावाने दिले, कुणी रमजानच्या साफसफाईसाठी सेलमध्ये मागवले. शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या दावतीत, बचत गटाच्या बैठकीत मला सारखा एकच प्रश्न विचारला जातो, "आपा, तो बिनपिशवीचा घ्यावा का? पैसे वसूल होतात का?"

मी यंत्रांची जाणकार नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. पण आमच्या घरी असे यंत्र चार वर्षांपासून आहे. ते मीच चालवते, मीच रिकामे करते, आणि आमच्या अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, दमा आहे. त्यामुळे या यंत्राकडे मी जरा बारकाईने पाहिले. माझे मत आधीच सांगून टाकते. यंत्र चांगले आहे, पण त्याचा डबा कोण रिकामा करणार हे ठरवल्याशिवाय ते घरात आणू नये.

दोन भाषा शिकवणाऱ्याला शब्दांवरून विचार करायची सवय लागते. मराठीत केर वेगळा, धूळ वेगळी, धुरळा वेगळा आणि फुफाटा वेगळा. केर डोळ्यांना दिसतो. कांद्याची साल, कागदाचा कपटा, केसांचा गुंता हा केर. धूळ बसलेली असते. तीच उडाली की धुरळा होतो. उन्हाळ्यात पायाला पोळणारी मऊ माती म्हणजे फुफाटा. उर्दूतही बसलेली ती गर्द आणि हवेत उठलेला तो गुबार. झाडू हा मुळात केरासाठी आहे. केर तो उत्तम काढतो. धुळीचे मात्र त्याला फारसे काही करता येत नाही. जाड माती सुपलीत येते, बारीक धूळ उडते, तासाभराने पुन्हा शोकेसवर, पलंगाच्या कडेवर, कुराण ठेवलेल्या रिहलवर येऊन बसते. झाडणाऱ्या बाईच्या नाकात जाते ती वेगळीच.

आणि आपल्या गावाला धुळीची कमतरता नाही. खान्देशची काळी माती सुकली की तिचे पीठ होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा दिवसभर खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि रात्री उघडल्याशिवाय जगता येत नाही. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, तिच्यासोबत येणारी सगळीच धूळ काही ओल्या ताट्या अडवत नाहीत. मेहरूणची बोरे प्रसिद्ध, पण बोरीच्या झाडांच्या जागी आता प्लॉट पडले, घरे उठली, आणि बांधकामाची वाळू-सिमेंट वर्षभर वाऱ्यावर असते. औद्योगिक वसाहत जवळ, महामार्गाची वाहतूक शहरातून. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची ठरलेली मानके न गाठणाऱ्या शहरांच्या त्या यादीत मुंबई, पुणे, नाशिक यांच्याबरोबर जळगावचेही नाव आहे. तेव्हा धूळ हा काही श्रीमंतांच्या नाजूक नाकाचा प्रश्न नाही.

धूळ कुणाच्या छातीत जाते, हा प्रश्न आपल्या समाजाला तर नवा नसावा. खान्देश हा कापसाचा मुलूख. पिंजारी, मन्सुरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजला, गाद्या भरल्या. धुनकीचा आवाज ऐकत मोठी झालेली माणसे अजून आपल्यात आहेत. पिंजणाऱ्याच्या भुवयांवर, दाढीवर पांढरा थर बसायचा, तोच आतही जायचा. कापसाच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या आजाराला वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस असे स्वतंत्र नाव आहे. गादी ज्याची, त्याला ऊब मिळाली. गादी ज्याने भरली, त्याला खोकला मिळाला. व्हॅक्यूम क्लीनरचा विचार करताना मला ही वाटणी आठवते.

या यंत्राचा इतिहासही अशाच एका छातीपासून सुरू होतो. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या अभियंत्याने धूळ फुंकण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र बनवले. ते एवढे मोठे होते की घोडागाडीवर चढवून रस्त्यात उभे करावे लागे. लांब नळ्या खिडकीतून आत नेत आणि घर साफ करून देत. घरोघर नेता येईल असे हलके विजेचे यंत्र अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलरने १९०७ च्या सुमारास बनवले. स्पँगलर एका दुकानात झाडलोट करायचा आणि त्याला दमा होता. झाडू मारताना उडणारी धूळ सहन होईना, म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हे यंत्र तयार केले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. हक्क हूवर कुटुंबाने घेतले आणि नावही हूवरचेच झाले. म्हणजे ज्याला झाडावे लागत होते, त्यानेच हा उपाय शोधला. घरमालकाला तो सुचला नाही.

तो उशीचा अभ्रा म्हणजेच पहिली पिशवी. पुढे बरीच वर्षे सगळ्या यंत्रांत कापडाची किंवा कागदाची पिशवी राहिली. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने जमिनीवरून मागे ओढत न्यायचे, लांब नळीचे यंत्र आणले. त्याच घराण्यातला आजचा कॅनिस्टर. आपल्याकडे १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सचे टाय लावलेले विक्रेते दारोदार जाऊन युरोक्लीन दाखवायचे, ते चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल. गादीवरून नळी फिरवून आत जमलेली धूळ ते घरच्यांना दाखवत, आणि घरातली बाई ओशाळून जाई. धूळ दिसली की लाज बाईनेच वाटून घ्यायची, हाही आपला एक रिवाज.

पिशवीची अडचण अशी की हवा तिच्या कापडातूनच बाहेर पडते. धुळीने कापडाची छिद्रे बुजली की ओढ कमी होते. जेम्स डायसन या इंग्रज माणसाला १९७८ च्या सुमारास हेच खटकले. लाकूड कापणाऱ्या गिरणीत भुसा वेगळा करणारे शंकूच्या आकाराचे उपकरण त्याने पाहिले होते. त्याची छोटी आवृत्ती यंत्रात बसवायला त्याने ५,१२७ नमुने केले. १९९३ मध्ये त्याच्या स्वतःच्या कंपनीचे पहिले बिनपिशवीचे यंत्र बाजारात आले. आज साध्या किमतीच्या यंत्रांतही तेच तत्त्व वापरतात.

जळगावकरांना हे तत्त्व समजायला इंग्लंडला जायला नको. आपल्या डाळमिलमध्ये वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा पत्र्याचा मोठा शंकू असतो. टरफल आणि भुकटी मिसळलेली हवा त्यात बाजूने जोरात सोडतात. हवा गोल फिरते, जड कण भिंतीवर आपटून घसरत खाली पडतात, आणि हवा वरून निघून जाते. याला सायक्लोन म्हणतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या पारदर्शक डब्यात धूळ गरगर फिरताना दिसते ती याच रीतीने. पण डाळमिलमध्ये काम केलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत असते. सायक्लोन असूनही मिलमध्ये पीठ उडतेच. जड कण खाली बसतात, अगदी बारीक कण हवेबरोबर पुढे जातात. म्हणून बिनपिशवीच्या यंत्रातही पुढे फिल्टर लावावाच लागतो. विक्रेता पिशवी नाही हे मोठ्याने सांगतो, फिल्टर आहे हे हळू सांगतो.

आता फायदे पाहू.

पहिला फायदा पैशांचा आणि सोयीचा. पिशव्या विकत घ्याव्या लागत नाहीत. मोठ्या शहरात पिशवी संपली तर दुकानातून आणता येते. आपल्याकडे आपल्याच मॉडेलची पिशवी मिळेल याची खात्री नसते. मग लोक काय करतात? एकदाच वापरायची कागदी पिशवी झटकून पुन्हा लावतात, फाटली की चिकटपट्टी मारतात. म्हणजे पिशवीचा फायदा जातो आणि त्रास राहतो. छोट्या शहरांसाठी बिनपिशवीचे यंत्र व्यवहारी आहे, याबद्दल मला शंका नाही.

दुसरा फायदा, ओढ बराच वेळ टिकते. पिशवीच्या यंत्राची ओढ पिशवी भरत जाईल तशी घटते. युरोपात व्हॅक्यूम क्लीनरवर ऊर्जेचे लेबल लावण्याचा नियम होता. त्याची चाचणी रिकाम्या यंत्रावर होत असे. त्याविरुद्ध डायसन कंपनी न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये तो नियम रद्द झाला. घरातले यंत्र काही रिकामे चालत नाही, हा साधा मुद्दा होता. मात्र फिल्टर वेळेवर धुतला नाही तर बिनपिशवीच्या यंत्राचीही ओढ तशीच घटते.

तिसरा फायदा, डबा दिसतो. किती भरला ते कळते. कानातला डूल, नाकातली चमकी, मुलांचा खोडरबर आत गेला तर दिसतो आणि काढता येतो.

चौथा फायदा कॅनिस्टरच्या रचनेचा. मोटरचे वजन जमिनीवर राहते, हातात फक्त नळी आणि दांडा. दिवाणाखाली, जिन्यावर, पडद्यावर, कपाटाच्या वर नळी पोचते. कंबर दुखणाऱ्या बाईला उकिडवे बसून झाडण्यापेक्षा हे फार बरे. ज्या घरात कापसाच्या गाद्या, सोफा, गालिचे आहेत, तिथे या यंत्राला तोड नाही. गादीत रुतलेली धूळ झाडूने निघत नाही. उन्हात टाकून काठीने बदडली तर निघते, पण बदडणाऱ्याच्या अंगावर.

आता तोटे.

वीज आणि जोडणी. आपल्याकडची बरीच यंत्रे बाराशे ते दोन हजार वॉटची असतात. दीड हजार वॉटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर अर्धे युनिट वीज लागते. आठवड्यातून दोनदा वापरले तर महिन्याला चार युनिट, म्हणजे बिलाची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती जोडणीची आहे. दीड हजार वॉट म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. जुन्या घरातल्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर, त्यातही स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डवर, हे यंत्र चालवू नये. पॉवर पॉइंट हवा. घरातला साधा इन्व्हर्टर ते ओढू शकत नाही, तेव्हा वीज नसताना झाडूच. आणि वॉटचा मोठा आकडा पाहून यंत्र निवडू नका. युरोपने २०१४ मध्ये सोळाशे वॉटवरची आणि २०१७ मध्ये नऊशे वॉटवरची यंत्रे विक्रीतून काढली. तिथली घरे काही अस्वच्छ झाली नाहीत. नळी, ब्रश आणि आतली रचना चांगली असेल तर कमी विजेतही काम होते.

आवाज. दुपारी झोपलेले बाळ, अभ्यासाला बसलेली मुले, नमाज पढणारे बुजुर्ग, सगळ्यांनाच तो छळतो. दोन खोल्यांच्या घरात आवाजापासून दूर जायला तिसरी खोली नसते.

जागा. यंत्र, नळी, दांडा, ब्रश हे सगळे ठेवायचे कुठे? आमच्या ओळखीच्या दोन घरांत ते पलंगाखाली गेले आणि तिथेच धूळ खात बसले आहे.

पाणी. फिल्टर धुवावा लागतो आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावता येत नाही. त्याला सहसा एक दिवस जातो. ओला फिल्टर लावला तर कुबट वास येतो, मोटरही खराब होऊ शकते. आपल्या भागात नळाला रोज पाणी येत नाही हे सांगायला नको. फिल्टरसाठी वाहते पाणी सोडण्यापेक्षा बादलीत बुडवून खळबळणे बरे, पण फिल्टर धुण्याजोगा आहे की फक्त झटकण्याजोगा, हे आधी माहितीपत्रकात पाहावे. अतिसूक्ष्म कण अडवणारा जो हेपा फिल्टर म्हणतात, तो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, असे त्याचे प्रमाण आहे. पण डब्यावर नुसते 'हेपा' छापलेले असले म्हणून तो या प्रमाणाचा असेलच असे नाही. कुठल्या दर्जाचा, धुता येतो का, नवा कितीला आणि कुठे मिळतो, हे तीन प्रश्न दुकानदाराला विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहा.

आणि सगळ्यात मोठा तोटा, ज्याबद्दल जाहिरातीत काही नसते, तो डबा रिकामा करण्याचा. पिशवीच्या यंत्रात धूळ पिशवीतच बंद राहते. पिशवी काढली, तोंड मिटले, टाकून दिली. बिनपिशवीच्या यंत्रात झाकण उघडताच घरभरातून गोळा केलेली सगळ्यात बारीक धूळ एकाच माणसाच्या तोंडासमोर उठते. अर्धा तास यंत्राने जे कमावले ते अर्ध्या मिनिटात एका छातीत जाऊ शकते. पिशवीचे पैसे वाचले ते खरे, पण ती किंमत रिकामे करणारीच्या श्वासातून वसूल झाली. मी 'करणारी' म्हणते, कारण रिकामे करणारा बहुधा नसतो.

हे मी अंदाजाने बोलत नाही. वर्गात 'आमचे घर' या विषयावर मुलांना बोलायला लावले की घरोघरचे चित्र समजते. झाडू कोण मारते, असे विचारले तर मुली हात वर करतात. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे तिथे ते कोण चालवते, असे विचारले तर मुलगेही उत्साहाने हात वर करतात. गाडीसारखे चाकांवर फिरते, आवाज करते, त्यांना आवडते. मला त्याचा आनंदच आहे. झाडूला कधी हात न लावलेला मुलगा यंत्रामुळे का होईना, घर साफ करू लागला. पण पुढचा प्रश्न विचारला, डबा कोण ओततो, की हात खाली येतात आणि मग उत्तर येते, "अम्मी."

घरकामाला येणाऱ्या मावशींचीही हीच गत. काही घरांत त्यांना यंत्राला हात लावू देत नाहीत, बिघडवतील म्हणून. त्या झाडूने धुरळा उडवत राहतात आणि यंत्र खोक्यात राहते. काही घरांत उलट. मालकीण यंत्र फिरवते आणि शेवटी डबा मावशींच्या हातात देते. दोन्ही ठिकाणी धूळ एकाच बाईच्या वाट्याला. स्पँगलरसारख्या झाडणाऱ्याने झाडणाऱ्यांसाठी शोधलेले यंत्र त्यांच्याच वाट्याला असे यावे, हे बरे दिसत नाही.

उपाय अवघड नाही. डबा घरात, मोरीत किंवा गॅलरीच्या कठड्यावरून कधीच झटकू नये. अंगणात किंवा गच्चीवर, वारा पडलेला असताना जावे. करोनाच्या काळातला मास्क प्रत्येक घरात कुठे ना कुठे पडलेला आहे, एन-९५ असेल तर उत्तम. डब्याचे तोंड मोठ्या पिशवीत आत खोलवर धरून, पिशवीचे तोंड बाहेरून हाताने आवळून मग झाकण उघडावे. दोन-तीन मिनिटे धूळ खाली बसू द्यावी, हळूच डबा काढावा, पिशवी बांधून घंटागाडीत द्यावी. आतून ओल्या फडक्याने पुसावे आणि कोरडे होऊ द्यावे. हे सगळे मिळून दहा मिनिटांचे काम आहे. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाने ते मुळीच करू नये. आमच्या घरी अम्मी तेव्हा दुसऱ्या खोलीत असतात. आणि ज्या घरात एकटीच बाई आहे आणि तिलाच दमा आहे, तिने बिनपिशवीच्या मोहात न पडता पिशवीचेच यंत्र घ्यावे आणि वर्षभराच्या पिशव्या एकदम मागवून ठेवाव्यात. त्या पैशांकडे औषधाचा खर्च म्हणून पाहावे.

आणखी काही मर्यादा सांगते. हे यंत्र कोरड्या धुळीसाठी आहे. लोबान किंवा अगरबत्तीची गरम राख त्याने ओढू नये. घरात प्लास्टर, रंगकाम झाले असेल तर ती भुकटी फिल्टरला पहिल्याच दिवशी बुजवते. आणि साफ आणि पाक यांत आपण जो फरक करतो तो इथेही करावा. लहान मुलाने गालिच्यावर लघवी केली असेल तर यंत्र फिरवून तो पाक होत नाही, त्याला पाणीच लागते, आणि ओल्यावर हे यंत्र चालवायचेही नसते.

सगळ्याच घरांना याची गरज आहे असेही नाही. जळगावची प्लास्टिकची चटई देशभर जाते. ज्या घरात फरशी आणि चटई एवढेच आहे, त्याने सात-आठ हजार रुपये यात घालू नयेत. चटई बाहेर नेऊन झटकावी, धुवावी. झाडण्याआधी फरशीवर पाण्याचा हलका शिपका मारावा किंवा सरळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. आपल्या आज्या अंगणात सडा टाकूनच झाडायच्या, ते उगीच नव्हते.

मग हे यंत्र खरे शोभते कुठे? मला वाटते, मशिदीत. सजद्यात कपाळ आणि नाक जमिनीला टेकते. दिवसातून पाच वेळा, आणि प्रत्येक नमाजेत कितीतरी वेळा, आपला श्वास त्या गालिच्याच्या तंतूंतून जातो. पूर्वी चटया असायच्या, त्या धुता येत. आता बऱ्याच मशिदींत भिंतीपासून भिंतीपर्यंत मऊ गालिचे आले. ते धुता येत नाहीत आणि झाडूने नुसते वरवर साफ होतात. त्यातली धूळ सगळ्यात जास्त कुणाला जाणवते? पुढच्या सफमधल्या बुजुर्गांना आणि ते गालिचे झाडणाऱ्या खादिमना. झुंबर आणि कारंज्यासाठी चंदा गोळा होतो, त्यातला थोडा यासाठी बाजूला काढता येईल. घ्यायचेच तर घरगुती छोट्या डब्याचे घेऊ नये, मोठ्या क्षमतेचे घ्यावे, आणि खादिमसाहेबांना मास्क, मोठ्या पिशव्या आणि फिल्टर बदलण्याचे पैसे वेगळे द्यावेत. यंत्र दान देणारा पाटीवर नाव लावतो, फिल्टर दान देणारा कुणी भेटत नाही.

दुसरी जागा बचत गट. बूथचे ते पहिले यंत्र कुणी विकत घेत नसे. ते दाराशी येई, साफ करून जाई. ही कल्पना आपल्या गल्लीला अजूनही लागू पडते. एका घराला हे यंत्र आठवड्यातून तास-दोन तास लागते. उरलेला वेळ ते पलंगाखाली असते. पाच-सहा घरांनी मिळून एक चांगले यंत्र घेतले, वार वाटून घेतले, फिल्टरसाठी महिन्याला थोडी रक्कम काढली, तर प्रत्येकीला हजार-दीड हजारात गाद्या-गालिचे साफ करता येतील. भांडणे होतील, मान्य आहे. कुणी डबा न ओतता परत करील, कुणाची नळी चिरेल. पण बायका भिशी चालवतात, शिलाई मशीन मिळून घेतात, तर हेही जमेल. शिवाय एकीच्याच माथी डबा पडणार नाही, प्रत्येकीला आपल्या घरची धूळ ओतूनच यंत्र पुढे द्यावे लागेल.

म्हणून विचारणाऱ्या सगळ्यांना माझे उत्तर असे. घरात गाद्या, गालिचे, सोफा आहे, पॉवर पॉइंट आहे, यंत्र उघडे ठेवायला कोपरा आहे, तर बिनपिशवीचा कॅनिस्टर जरूर घ्या. फरशी-चटईचे घर असेल तर घेऊ नका. ज्या हाताने ते चालणार आहे, तो हात दुकानात सोबत न्या, दांडा धरून पाहू द्या, डबा काढून-लावून पाहू द्या. आणि बिल फाडण्याआधी घरातल्या मर्दांनी, मुलांनी एवढे कबूल करावे की चालवणे एका दिवशी जमले नाही तरी चालेल, डबा ओतायची पाळी मात्र चुकवणार नाही. एवढी कबुली मिळत नसेल, तर पिशवीवाले घ्या किंवा पैसे बँकेत राहू द्या. झाडूला निदान डबा नसतो.